ढेरीचा भार, श्वासाचा अवकाश

पोटाचा घेर एका सेंटिमीटरने वाढला की फुफ्फुसातून जोराने बाहेर टाकता येणारी हवा सरासरी १३ मिलिलिटरने कमी भरते आणि पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा ११ मिलिलिटरने. कॅनडातील प्रौढांच्या पाहणीतून निघालेले हे आकडे २००७ साली प्रसिद्ध झाले. त्या पाहणीत लठ्ठ माणसांबरोबर नेमस्त वजनाची माणसेही होती आणि घेराशी असलेले हे नाते त्यांच्यातही दिसले. पुढे २००९ मध्ये पॅरिसमधील सुमारे १ लाख २२ हजार लोकांच्या तपासण्यांचे विश्लेषण झाले. चयापचयाच्या बिघाडांपैकी फुफ्फुसाच्या घटलेल्या क्षमतेशी सर्वांत घट्ट नाते पोटाच्या लठ्ठपणाचे आहे, असे त्यातही आढळले. ढेरी वाढली की जिना चढताना धाप लागते, हा घरोघरचा अनुभव आहे. या अभ्यासांनी त्याला मापे दिली.

याच मापांतून एक मोहक प्रश्न निघतो. घेर वाढल्याने श्वास घटतो, तर घेर उतरवल्यावर तो परत मिळेल का? आणि घेर उतरवण्यासाठी ना सुरी लागत असेल, ना भूल, ना उपासमार, फक्त एक यंत्र तासभर पोटाला लावून पडायचे असेल, तर ते फुफ्फुसाचे औषध ठरेल का? चरबी गोठवणारी, तापवणारी, ध्वनिलहरींनी फोडणारी यंत्रे आज मुंबई-पुण्यापासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत पोचली आहेत. ती पुरुषांनाही विकली जातात. अशा उपचारानंतर श्वसनाच्या चाचण्या सुधारतात का, हा भौतिकोपचाराच्या क्षेत्रातला प्रश्नही झाला आहे. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र घेराच्या फितीवर मिळत नाही. चरबी कुठे होती, किती गेली आणि फुफ्फुसाचे नेमके कोणते माप तपासले, या तीन गोष्टींवर ते ठरते.

श्वासपटलाखाली काय घडते

श्वासपटल हा छाती आणि पोट यांच्यामधला घुमटाकार स्नायू. श्वास घेताना तो आकुंचन पावून खाली सरकतो, पोटातले अवयव खाली आणि पुढे ढकलले जातात, पोट किंचित फुगते आणि वर छातीत जागा होते. पोटाची पोकळी यांत्रिकदृष्ट्या भरलेल्या पखालीसारखी वागते. आतला ऐवज दाबून लहान होत नाही, एकीकडून ढकलला की दुसरीकडे फुगतो. म्हणून श्वासपटल किती सहज खाली जाईल हे पोटाची भिंत किती सैल आहे आणि आत दाब किती आहे यावर ठरते. हा दाब मोजता येतो. मूत्राशयातल्या नळीतून तो घेतात. अमेरिकेत हार्वी शुगरमन आणि सहकाऱ्यांनी अतिलठ्ठ रुग्णांत तो सरासरी १८ सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका नोंदवला, तर लठ्ठ नसलेल्यांत ७. दिवसरात्र, प्रत्येक श्वासाला श्वासपटल या वाढीव दाबाविरुद्ध काम करते.

आता शांतपणे श्वास सोडल्यानंतरचा क्षण पाहू. या क्षणी कुठलाही स्नायू जोर लावत नसतो. फुफ्फुस आतल्या बाजूला आकसू पाहते, छातीचा पिंजरा बाहेर उघडू पाहतो आणि दोन्ही ओढी जिथे बरोबरीत येतात तिथे फुफ्फुस थांबते. तेव्हा आत उरलेल्या हवेला कार्यात्मक अवशिष्ट क्षमता म्हणतात. दवाखान्यात ती एफआरसी. त्यातली जेवढी हवा आपण जोर लावून आणखी बाहेर टाकू शकतो ती राखीव उच्छ्वासाची, म्हणजे ईआरव्ही. लठ्ठपणाचा पहिला आणि सर्वांत मोठा घाव या दोन मापांवर पडतो. बरगड्यांवरचा मेद पिंजऱ्याला मिटवतो, पोटातला मेद श्वासपटलाला वर रेटतो आणि तोल खालच्या पातळीवर जमतो.

जोन्स आणि न्झेक्वू यांनी २००६ मध्ये ३७३ जणांच्या तपासण्यांवरून हे नाते मांडले. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) २० असलेल्या सडपातळ माणसाच्या तुलनेत बीएमआय ३० असलेल्याची एफआरसी ७५ टक्के उरते आणि ईआरव्ही फक्त ४७ टक्के. या आलेखाचा आकार मला आकड्यांइतकाच महत्त्वाचा वाटतो. घसरण सरळ रेषेत होत नाही. ती सुरुवातीला तीव्र असते आणि पुढे सपाट होत जाते. म्हणजे फुफ्फुसाच्या राखीव हवेचे मोठे नुकसान थोडे जास्त वजन ते सौम्य लठ्ठपणा या टप्प्यातच होऊन जाते, माणूस स्वतःला अजून फक्त ‘अंगाने भरलेला’ समजत असतो तेव्हा.

त्याच अभ्यासात एकूण फुफ्फुसक्षमता, म्हणजे पूर्ण श्वास घेतल्यावर मावणारी सगळी हवा, बहुतेकांत सामान्य मर्यादेतच राहिली होती. श्वासपटल हा बलवान स्नायू आहे. पूर्ण जोर लावायला सांगितले की तो भार झुगारून खाली उतरतो. म्हणून स्पायरोमेट्रीच्या, म्हणजे फुंकर मारून हवा मोजण्याच्या चाचणीच्या, अहवालात लठ्ठ पुरुषाची एफव्हीसी, म्हणजे जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा, थोडीशीच कमी दिसते. पहिल्या सेकंदातली हवा, एफईव्ही-१, तीही त्याच प्रमाणात कमी असते, त्यामुळे दोहोंचे गुणोत्तर सामान्य येते. अहवालावर ‘नॉर्मल’ असा शिक्का बसतो आणि धाप मात्र राहते. कारण स्पायरोमेट्री जोराच्या श्वासाचे मोजमाप करते. माणूस जगतो शांत श्वासावर, आणि त्याची पातळी ढासळलेली असते.

ती ढासळल्याचे परिणाम रोजचे असतात. फुफ्फुसात हवा कमी उरली की बारीक श्वासनलिका अरुंद होतात आणि तळाकडच्या काही श्वास सोडताना मिटून जातात. तिथे रक्त पोचत राहते, हवा पोचत नाही, आणि रक्तातला प्राणवायू थोडा उतरतो. अरुंद नळ्यांतून हवा ओढायला कष्ट जास्त पडतात. ते किती, हे १९९९ मधल्या एका प्रयोगातून कळते. शस्त्रक्रियेसाठी आलेल्या अतिलठ्ठ रुग्णांचा श्वास यंत्राकडे सोपवला, तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायूची एकूण गरज १६ टक्क्यांनी उतरली. सामान्य वजनाच्या रुग्णांत हा फरक एका टक्क्याहून कमी होता. म्हणजे त्या माणसांच्या प्राणवायूचा सहावा-सातवा हिस्सा निव्वळ श्वास घेण्याच्या मजुरीत जात होता. अशा माणसाला आळशी म्हणणाऱ्यांनी हा आकडा एकदा नीट पाहावा.

चरबीचे दोन मुक्काम

पोटाच्या चरबीचे दोन साठे आहेत. एक त्वचेखाली, पोटाच्या स्नायूंच्या बाहेर. चिमटीत धरता येतो तो. दुसरा स्नायूंच्या भिंतीच्या आत, आतडी, आंत्रवपा आणि यकृत यांच्या भोवती. तो चिमटीत येत नाही, पोट टणक आणि गोल करतो. पुरुषांत हा आतला साठा स्त्रियांच्या मानाने अधिक जमतो. बायकांच्या मांड्या-नितंबांवर जाणारी चरबी पुरुषांत पोटाच्या पोकळीत जाऊन बसते. पखालीतला ऐवज वाढवणारा, आतला दाब चढवणारा आणि श्वासपटलाला वर ढकलणारा साठा मुख्यतः हाच. शिवाय तो रासायनिकदृष्ट्या जास्त चळवळ्या आहे. त्यातून निघणारी दाहकारी द्रव्ये रक्तात मिसळतात आणि लठ्ठ माणसांतल्या दम्याच्या काही प्रकारांशी त्यांचा संबंध जोडला जातो.

त्वचेखालचा थर निरुपद्रवी आहे असे मात्र नाही. तो वजन आहे आणि वजन श्वासाला जाचते. १९६४ साली शार्प आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या छाती-पोटावर बाहेरून वजने ठेवून श्वसनाची यांत्रिकी कशी बदलते ते तपासले होते. बाहेरचा भारही आत पोचतो, हे त्यातून सिद्ध झाले. पण भार कोणत्या दिशेने लागतो तेही पाहायला हवे. उताणे झोपल्यावर पोटावरचा थर सरळ आतड्यांवर दाबतो आणि आतडी श्वासपटलावर. उभे राहिल्यावर तोच थर खाली लोंबतो आणि श्वासपटलाला फारसा रेटत नाही. आतला मेद उभे असताना, बसताना, झोपताना सदैव जागा अडवूनच असतो.

भारतीय पुरुषाच्या बाबतीत हा भेद आणखी टोकदार होतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची दोन छायाचित्रे शेजारी ठेवून एक छोटे टिपण छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि मेद मधल्या भागात, ही आपल्याकडची सर्वसाधारण ठेवण. म्हणूनच २००९ च्या भारतीय तज्ज्ञांच्या एकमताने लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ बीएमआयला आणि पुरुषांच्या पोटाच्या घेराची रेषा ९० सेंटिमीटरला ओढली. आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत सर्वसाधारण लठ्ठपणा २८.६ टक्के प्रौढांत, तर पोटाचा लठ्ठपणा ३९.५ टक्क्यांत आढळला. या दोन आकड्यांमधल्या फटीत पुष्कळ अशी माणसे आहेत ज्यांचे वजन काट्यावर खटकत नाही पण श्वासपटल अडलेले आहे. चरबी हटवणाऱ्या यंत्राची जाहिरात जेव्हा अशा माणसाला श्वास मोकळा करून देण्याचे सांगते, तेव्हा ते यंत्र कोणत्या साठ्यापर्यंत पोचते हा पहिला प्रश्न हवा.

यंत्रे काय करतात

उत्तर असे की ती सगळी त्वचेखालच्या साठ्यापर्यंतच पोचतात. त्यांच्या मागचे विज्ञान खरे आहे आणि काही ठिकाणी सुंदरही आहे. १९७० साली अमेरिकेत एप्स्टाइन आणि ओरेन यांनी एका बाळाच्या गालावर बर्फाची कांडी चोखल्यानंतर उठलेल्या गाठीचे वर्णन केले. थंडीने गालातल्या चरबीला दाह झाला होता, वरची त्वचा शाबूत होती. मेद पाण्यापेक्षा वरच्या तापमानालाच गोठतो, म्हणून त्वचेला इजा न होता मेदपेशी मरू शकतात. या निरीक्षणाचा धागा पकडून मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या डीटर मॅनस्टाइन आणि रॉक्स अँडरसन यांनी २००८ मध्ये निवडक शीतविनाशाचा प्रयोग प्रसिद्ध केला. २०१० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या तंत्राला कमरेच्या बाजूच्या वळ्यांसाठी आणि २०१२ मध्ये पोटासाठी मान्यता दिली. क्रायोलिपोलिसिस ते हेच. थंडीने इजा झालेल्या पेशी आपला अंत स्वतः घडवतात, भक्षकपेशी त्यांचा कचरा दोन-तीन महिन्यांत उचलतात आणि उपचार केलेल्या जागचा थर साधारण २० ते २५ टक्क्यांनी पातळ होतो.

इतर यंत्रांचा मार्ग उष्णतेचा किंवा धक्क्याचा. केंद्रित अल्ट्रासाउंड त्वचेखाली ठरावीक खोलीवर लहरी एकवटून मेदाला ५६ अंशांच्या वर तापवते आणि जागीच मारते. रेडिओ लहरी आणि १०६० नॅनोमीटरचा लेसर ४२ ते ४७ अंशांच्या सौम्य उष्णतेत ठेवून पेशींना हळूहळू संपवतात. सौंदर्यकेंद्रांत सर्रास दिसणारे ‘कॅव्हिटेशन’ यंत्र ४० किलोहर्ट्झच्या आसपासच्या, केंद्रित नसलेल्या लहरी वापरते. त्याच्यामागचा पुरावा या सर्वांत पातळ आहे. क्रायोलिपोलिसिसचाही एक दुर्मीळ पण क्लेशकारक दोष आहे. काहींत उपचाराच्या जागी मेद घटण्याऐवजी वाढून कडक होतो. २०१४ मध्ये त्याची प्रथम नोंद झाली आणि उपचार घेणाऱ्यांच्या प्रमाणात तो पुरुषांत अधिक दिसतो. कॅनडाची मॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये स्वतःवरचा हा परिणाम जाहीर केला तेव्हा जगाला तो कळला.

यातली कुठलीही मान्यता लठ्ठपणासाठी दिलेली नाही. ती जवळपास योग्य वजनाच्या माणसाच्या स्थानिक वळ्यांसाठी आहे.

आता हिशेब करू, आणि तो यंत्राला झुकते माप देऊन करू. समजा पोटाचा पुढचा ४०० चौरस सेंटिमीटरचा भाग उपचाराखाली आला, थर ४ सेंटिमीटर जाड आहे आणि तो पुरा २५ टक्क्यांनी, म्हणजे १ सेंटिमीटरने घटला. गेला ४०० घन सेंटिमीटर मेद. मेदाची घनता ०.९ धरली तर ३६० ग्रॅम. शंभर किलोच्या पुरुषात ३५ टक्के मेद असेल, तर एकूण साठा ३५ किलो. म्हणजे यंत्राने एक टक्का उचलला, तोही पोटाच्या भिंतीच्या बाहेरचा. श्वासपटलाच्या दृष्टीने ही घट सकाळच्या दोन पेले पाण्यापेक्षा कमी आहे, आणि ते पाणी निदान पोटाच्या आत जाते.

घेर मात्र उतरतो, आणि गोंधळ इथेच होतो. साधी भूमिती आहे. कमरेभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर जाडीचा थर गेला तर घेर सव्वासहा सेंटिमीटर कमी होतो. फक्त समोरच्या तिसऱ्या हिश्श्यातून गेला तर सुमारे दोन. हे दोन सेंटिमीटर फितीवर खरेच दिसतील, पट्टा एक भोक आत जाईल, आणि पोटातला दाब जिथे होता तिथेच राहील. कॅनडातल्या पाहणीत घेर हा आतल्या गोष्टीची बाहेरून दिसणारी खूण होता. हजारो माणसांत ज्यांचा घेर जास्त त्यांच्या पोटात मेद जास्त, म्हणून फुफ्फुस दबलेले. खूण बदलल्याने कारण बदलत नाही. सेंटिमीटरमागे १३ मिलिलिटर हा भाव यंत्राने उतरवलेल्या सेंटिमीटरला लावता येत नाही. लठ्ठ पुरुषांत यंत्रोपचारानंतर श्वास मोजणाऱ्या संशोधनाचा सगळा डोलारा या एका तर्कदोषावर उभा राहू शकतो, म्हणून त्यावर मी जोर देतो आहे.

मेलेल्या पेशींतला मेद कुठे जातो

चरबी घाम होऊन किंवा मूत्रावाटे जाते, असे सौंदर्यकेंद्रात सांगितले जाते. तसे होत नाही. ऑस्ट्रेलियातले रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राउन यांनी २०१४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये सोपे रसायनगणित मांडले. १० किलो मेद पूर्ण जळला तर त्यातला ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे जातो आणि १.६ किलो पाणी होते. मेद बाहेर टाकणारे मुख्य इंद्रिय फुफ्फुस आहे. यंत्राने पेशी मारली तरी तिच्यातला मेद शरीरात मोकळा होतो, लसिकावाहिन्यांतून फिरतो, आणि तो जाळण्याइतका श्रम झाला नाही तर दुसऱ्या पेशीत पुन्हा साठतो.

दुसऱ्या पेशी कोणत्या, हे महत्त्वाचे आहे. यंत्रांपेक्षा कितीतरी जास्त मेद काढणाऱ्या लायपोसक्शनवरचे अभ्यास इथे कामी येतात. २००४ मध्ये सेंट लुईस इथल्या सॅम्युएल क्लाइन यांच्या गटाने १५ लठ्ठ स्त्रियांच्या पोटावरून सरासरी दहा किलोच्या आसपास त्वचेखालचा मेद काढला. दहा-बारा आठवड्यांनी पाहिले तर इन्सुलिनची संवेदनशीलता, रक्तदाब, दाहाचे दर्शक, काहीही हललेले नव्हते. आहाराने तेवढाच मेद गेला असता तर हे सगळे सुधारले असते. २०११ मध्ये कोलोरॅडोतल्या अभ्यासात वर्षभरात मेद परत आला, आणि तो पोटाकडे आला. २०१२ मध्ये ब्राझीलमधल्या बेनाट्टी यांच्या गटाने दाखवले की लायपोसक्शननंतर व्यायाम न करणाऱ्या स्त्रियांत पोटाच्या आतला मेद १० टक्क्यांनी वाढला. व्यायाम करणाऱ्यांत वाढला नाही. हे सारे अभ्यास स्त्रियांवरचे आहेत आणि त्यांत फुफ्फुस मोजलेले नाही, त्यामुळे पुरुषांच्या श्वासाबद्दल त्यांतून थेट निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. पण धोक्याची दिशा त्यांनी दाखवली आहे. बाहेरचा साठा हटवला आणि बाकी जीवन तसेच ठेवले, तर शरीर आतला साठा वाढवू शकते. श्वासपटलासाठी हा व्यवहार तोट्याचा ठरेल.

मोजमापाची शिस्त

तरीही कोणी म्हणेल, यंत्राच्या उपचारानंतर एफव्हीसी वाढल्याचे दिसले तर? तेव्हा किती वाढली ते विचारावे. अगदी चुकीचा असलेला १३ मिलिलिटरचा भाव लावला तरी तीन सेंटिमीटर घेर उतरल्यावर अपेक्षित वाढ ३९ मिलिलिटर. स्पायरोमेट्रीच्या २०१९ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार एकाच माणसाच्या एकाच बैठकीतल्या दोन उत्तम फुंकरींत १५० मिलिलिटरपर्यंत फरक चालतो. निरोगी माणसाची एफव्हीसी एका आठवड्यातून दुसऱ्या आठवड्यात ११ टक्क्यांपर्यंत बदलली तरी तो खरा बदल मानत नाहीत. अभ्यासात माणसे भरपूर असतील तर सरासरीतला छोटा फरक पकडता येतो, पण वीस-तीस माणसांच्या गटात अर्ध्या लिटरची वाढ दिसली तर माझा पहिला संशय फुंकर मारण्याच्या सवयीवर जाईल. दुसऱ्या खेपेला माणूस अधिक चांगली फुंकर मारतो. बारा सेकंद जोराजोराने धापा टाकून मोजली जाणारी एमव्हीव्ही, म्हणजे श्वसनाची कमाल क्षमता, तर जवळजवळ पूर्णपणे उत्साहावर आणि शेजारी उभ्या तंत्रज्ञाच्या आवाजावर अवलंबून असते.

दुसरा घोळ आहाराचा. अशा अभ्यासांत यंत्राबरोबर कमी उष्मांकाचा आहार दिला, तर सुधारणेचे श्रेय कोणाचे? दोन्ही गटांना तोच आहार दिला आणि एकाला यंत्र लावले, दुसऱ्याला काहीच नाही, तरी प्रश्न सुटत नाही. ज्याला यंत्र लावले तो आठवड्यातून दोनदा केंद्रात येतो, त्याची विचारपूस होते, तो आहार जास्त निष्ठेने पाळतो. म्हणून दुसऱ्या गटाला खोटे यंत्र लावायला हवे, थंडावा किंवा गुंजारव देणारे पण मेद न मारणारे, आणि श्वास मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसावे.

माझ्या मते खरे उत्तर देणारा अभ्यास असा असावा. एफआरसी आणि ईआरव्ही हे मुख्य मोजमाप, कारण लठ्ठपणाचा घाव तिथे आहे. एफआरसीसाठी माणसाला बंदिस्त खोक्यात बसवून करायची प्लेथिस्मोग्राफी किंवा हेलियम मिसळण्याची पद्धत लागते, मुखाशी धरायचे छोटे यंत्र पुरत नाही. मोजणी बसून आणि उताणे झोपून, दोन्ही स्थितींत. उपचारापूर्वी आणि तीन महिन्यांनी सीटी किंवा एमआरआयने आतला आणि बाहेरचा मेद वेगळा मोजलेला. एकूण वजन दोन्ही गटांत सारखे राखलेले. असा अभ्यास होऊन झोपलेल्या स्थितीत ईआरव्ही थोडी सुधारल्याचे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. त्वचेखालचा थर फार जाड आणि आतला मेद बेताचा असलेल्या तरुण पुरुषात बाहेरचा भार हलका झाल्याचा तेवढा लाभ कल्पनेबाहेरचा नाही. पण मध्यमवयीन, गोल-टणक पोटाच्या, धाप लागणाऱ्या पुरुषासाठी तो लाभ उपयोगाचा नसेल.

अशा पुरुषाचा श्वास कशाने परततो हे पंचवीस वर्षांपूर्वीच दिसले आहे. वोमॅक आणि सहकाऱ्यांनी २००० साली वयस्क लठ्ठ पुरुषांची तुलना केली: काहींनी आहाराने वजन उतरवले, काहींनी वजन न उतरवता एरोबिक व्यायाम केला. फुफ्फुसाची मापे वजन उतरवणाऱ्यांत सुधारली, आणि सर्वांत जास्त वाढली ती एफआरसी. व्यायामाने तंदुरुस्ती वाढते, आतला मेदही उतरू लागतो, म्हणून तो सोडायचा नाहीच. पण श्वासपटलाखालची जागा रिकामी होते ती सगळ्या शरीराच्या मेदाचा साठा घटल्यावर, आणि वजन उतरू लागले की आतला मेद प्रमाणाने लवकर हलतो. बीएमआयच्या त्या आलेखाचे दुसरे टोकही इथे समजून घ्यावे. घसरण सुरुवातीच्या टप्प्यात तीव्र असल्याने बीएमआय ४५ वरून ४० वर आलेल्याला मापांत फरक थोडाच दिसेल, पण ३० वरून २६ वर आलेल्याला राखीव हवेचा मोठा वाटा परत मिळेल. सौम्य लठ्ठपणाच्या टप्प्यावर केलेला प्रयत्न फुफ्फुसाच्या हिशेबात सर्वांत फलदायी असतो.

आणि धाप लागते म्हणून पोटाकडे बोट दाखवण्याआधी इतर कारणे तपासली गेली पाहिजेत. लठ्ठ पुरुषाची धाप हृदयविकाराची असू शकते, दम्याची असू शकते, रक्तक्षयाची असू शकते. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास थांबल्याचे घरच्यांच्या लक्षात येणे, सकाळी डोके जड असणे, दिवसा बसल्या जागी डोळा लागणे, ही लक्षणे असतील तर निद्राचाचणी करायला हवी. बीएमआय ३० च्या वर असून झोपेत श्वास अडत असेल, तर रक्तातले बायकार्बोनेट पाहण्याची साधी तपासणी आहे. ते लिटरमागे २७ मिलिमोल किंवा त्याहून अधिक असेल तर कार्बन डायऑक्साइड साठत असल्याचा संशय धरून धमनीच्या रक्तातले वायू मोजावे लागतात. श्वास मंदावलेल्या या अवस्थेत उपचार न करता गेलेले प्रत्येक वर्ष हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण वाढवते. त्या माणसाला रात्री दाबाने हवा देणारे यंत्र आणि वजन उतरवण्याचा गंभीर कार्यक्रम तातडीने मिळायला हवा. पोटावर थंड यंत्र लावून घालवलेले तीन महिने त्याच्याकडे नसतात.